खाजगी जागेतील वाहने आणि नगररचनेचे नियम

वाहनांचा प्रश्न निघाला की सामान्यतः रस्त्याचाच विचार मनात येतो. रस्त्यांची रुंदी, खड्डे, अपघात, वेगमर्यादा या विषयांवर वृत्तपत्रांतून आणि सभागृहांतून सतत चर्चा होत असते. परंतु खाजगी मालकीची मोटार किंवा मोटारसायकल दिवसाच्या चोवीस तासांपैकी फार थोडा वेळ धावते. उरलेला सारा वेळ ती कोठे तरी उभी असते. ती कोठे उभी राहते, किती जागा व्यापते, कोणाच्या वाटेत येते आणि निकामी झाल्यावर किती वर्षे त्याच जागी पडून राहते, हे प्रश्न धावत्या वाहनांच्या प्रश्नांइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे रस्त्यावर कमी आणि घराच्या आवारात, सोसायटीच्या तळमजल्यावर, शेतकऱ्याच्या अंगणात व गावठाणाच्या कडेला अधिक सापडतात.

या सभेत नगरपालिकांचे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य एकत्र बसले आहेत, हे या विषयाच्या दृष्टीने योग्यच आहे. नियम करणे आणि अंमलात आणणे हे अधिकाऱ्यांचे काम. गावाच्या सभेत तो विषय मांडणे हे पंचायत सदस्यांचे काम. आणि नियमामागील कारण पुढच्या पिढीला समजावून देणे हे शिक्षकांचे काम. तिन्ही कामे एकत्र झाली तरच कागदावरील नियम जमिनीवर उतरतो.

मालकी आणि वापर

"जागा माझी, गाडी माझी, मग नियम कशाला?" हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो विचारणाऱ्यावर रागावून उपयोग नाही. त्याला समाधानकारक उत्तर देता आले पाहिजे.

जमिनीची मालकी खाजगी असली तरी तिच्या वापराचे परिणाम कुंपणापाशी थांबत नाहीत, या विचारावर नगररचना उभी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा दाट वस्तीचे धोके सर्वांनाच दिसले. पुढे १९१५ साली मुंबई नगररचना अधिनियम झाला. या विषयावरील देशातील तो पहिला कायदा होय. त्या काळी मोटारी मोजक्याच होत्या. हवा, उजेड आणि रस्ते हीच चिंता होती. १९५४ साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अस्तित्वात आला. राज्यातील शहरांच्या विकास योजना आणि प्रादेशिक योजना आजही याच अधिनियमाखाली तयार होतात.

या अधिनियमातील "विकास" या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. इमारत बांधणे म्हणजे विकास, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे, हाही कायद्याच्या दृष्टीने विकासच होय आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. वाहनांच्या बाबतीत नेमका येथेच घोटाळा होतो. निवासी भूखंडावर स्वतःची मोटार उभी करणे हा निवासी वापराचा आनुषंगिक भाग आहे. त्याच भूखंडावर भाडे घेऊन दहा मालमोटारी रात्रभर उभ्या करणे, जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणे किंवा दुरुस्तीचे दुकान थाटणे, हा वेगळा वापर झाला. एकही वीट न रचता वापर बदलला जातो आणि त्याचा आवाज, धूर व तेल शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचते.

विकास योजनेत निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती असे विभाग पाडलेले असतात, ते याच कारणासाठी. प्रत्येक विभागात कोणता वापर चालेल आणि तो किती रुंद रस्त्यावर चालेल, हे नियमावली ठरवते. मालमोटारींच्या तळाला रुंद रस्ता हवा आणि वळायला जागा हवी. शाळेच्या अरुंद गल्लीत तो तळ बसवला तर मालकाचा फायदा होईल, पण त्या गल्लीतून चालत जाणारी मुले रोज धोका पत्करतील.

जागेचे गणित

मुंबई महानगरपालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबईसाठी २०१८ साली मंजूर झालेली स्वतंत्र नियमावली आहे. २०२० च्या नियमावलीत वाहनतळासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. स्कूटर किंवा मोटारसायकलसाठी एक मीटर रुंद व दोन मीटर लांब जागा पुरेशी मानली जाते. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी राहू शकतात. सदनिकेचे चटईक्षेत्र जसे वाढते, तशी मोटारींच्या जागांची संख्या वाढते. लहान सदनिकांसाठी दुचाकींच्या जागांवर भर दिला जातो. इमारतीचा वापर निवासाचा, दुकानांचा, मंगल कार्यालयाचा की रुग्णालयाचा, यावरही ही संख्या अवलंबून असते.

साडेबारा चौरस मीटर ही केवळ गाडी उभी राहण्याची जागा झाली. गाडी आत येणार, वळणार, मागे जाणार. त्यासाठी मार्गिका लागते. दिल्लीच्या २०२१ सालापर्यंतच्या बृहत् आराखड्यात हा सर्व हिशेब धरून एका मोटारीसाठी उघड्या जागेत २३ चौरस मीटर, तळमजल्यावरील छताखाली २८ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर असे प्रमाण दिले होते. वीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकी एक मोटार असेल, तर उघड्या जागेतसुद्धा ४६० चौरस मीटर क्षेत्र केवळ मोटारींना लागेल. तालुक्याच्या गावी अनेक इमारतींचे संपूर्ण भूखंडही एवढे मोठे नसतात.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवण्यासारखा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. एक मोटार छताखाली ठेवण्यासाठी लागणारी जागा एका कुटुंबाच्या किमान घराहूनही मोठी भरते. जमीन हे मर्यादित साधन आहे. म्हणून वाहनासाठी किती जागा राखायची, हा तांत्रिक प्रश्न तर आहेच, पण तो न्यायाचाही प्रश्न आहे. जागा कमी राखली तर गाड्या सार्वजनिक रस्त्यावर येतात आणि पादचाऱ्याची वाट जाते. जागा गरजेपेक्षा जास्त राखली तर तिचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो आणि ज्याच्याकडे मोटार नाही, त्यालाही तो भरावा लागतो. नियमावलीत सदनिकेच्या आकारानुसार आणि शहराच्या वर्गानुसार वेगवेगळे प्रमाण दिले आहे, त्यामागे हाच तोल सांभाळण्याचा हेतू दिसतो.

नकाशातील जागा आणि प्रत्यक्षातील जागा

नियमाप्रमाणे नकाशा मंजूर होतो, वाहनतळ आखला जातो, भोगवटा प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतर काही वर्षांत चित्र बदलू लागते. खांबांवरील मोकळ्या तळमजल्याला, म्हणजे स्टिल्टला, एका बाजूने भिंत घातली जाते. मग शटर बसते. तेथे आधी सामान ठेवले जाते, नंतर कार्यालय किंवा दुकान सुरू होते. वाहनतळाचे क्षेत्र चटईक्षेत्र निर्देशांकात धरले जात नाही. ही सवलत वाहनांसाठी दिलेली असते. सवलत घेऊन जागा दुसऱ्या कामाला लावली, म्हणजे परवानगीपेक्षा अधिक बांधकाम केल्यासारखेच झाले. आणि जी चार-सहा वाहने त्या जागेत राहावयाची, ती रस्त्यावर आली. दुकानाचे भाडे एकाला मिळते; अरुंद झालेला रस्ता मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. मंजूर नकाशाविरुद्धचा असा वापर बंद करण्याची नोटीस देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणास १९६६ च्या अधिनियमाने दिलेला आहे.

हा वाहनतळ कोणाचा, हा वादही बराच काळ चालला. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला. सदनिकांच्या मालकीसंबंधीच्या १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली स्टिल्टमधील वाहनतळ हे "गॅरेज" नव्हे, ती इमारतीची सामाईक जागा आहे आणि विकासकास ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ आला. त्यात गॅरेजची व्याख्या दिली आहे: छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवण्याची जागा. उघडा वाहनतळ मात्र या अधिनियमाने सामाईक क्षेत्रातच धरला. सदनिका घेणाऱ्याने करारनाम्यात वाहनतळाविषयी नेमके काय लिहिले आहे, जागेचे माप आणि स्थान दिले आहे की नाही, हे वाचून घेणे आवश्यक आहे. मोटार घेऊन राहायला आल्यावर दोन खांबांमध्ये ती मावत नाही, असे आढळले तर त्या वेळी तक्रार करूनही जागा रुंद होत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये वाहनतळाच्या वाटपाची पद्धत दिलेली आहे. उपलब्ध जागांपेक्षा वाहने अधिक असतील तर चिठ्ठ्या टाकून ठराविक मुदतीसाठी वाटप करावे, असा त्यातील न्याय्य मार्ग आहे. ज्या संस्था दरवर्षी सर्वसाधारण सभेत हे काम उघडपणे करतात, तेथे भांडणे कमी होतात. जेथे जागा वर्षानुवर्षे त्याच सभासदांकडे राहते, तेथे वाहनतळाचा वाद सहकार न्यायालयापर्यंत पोचतो आणि शेजारधर्म मागे पडतो.

सामासिक अंतरे कशासाठी

इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी सोडलेली जागा म्हणजे सामासिक अंतर. रिकामी दिसणारी ही जागा वाहनासाठी सोयीची वाटते आणि एकेक गाडी तेथे उभी राहू लागते. परंतु ती जागा रिकामी ठेवण्यामागे तीन कारणे आहेत. खालच्या मजल्यावरील खोल्यांना उजेड आणि हवा मिळावी, पावसाचे पाणी वाहून जावे अथवा जमिनीत मुरावे, आणि आग लागल्यास बंब इमारतीपर्यंत पोचावा. उंच इमारतींभोवती सहा मीटर रुंदीची, अग्निशमन वाहनाचे वजन पेलणारी पक्की जागा असावी, अशी अपेक्षा राष्ट्रीय इमारत संहितेत आहे, ती याच हेतूने.

हा धोका जुन्या पेठांतील सहा मीटरच्या गल्लीत सहज मोजून पाहता येतो. पावणेदोन मीटर रुंदीची मोटार दोन्ही बाजूंना भिंतीपासून थोडे अंतर सोडून उभी राहिली, की मध्ये जेमतेम दोन मीटर वाट उरते. मोठा अग्निशमन बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. रात्री दोन वाजता आग लागली, तर गाड्यांच्या मालकांना झोपेतून उठवून चाव्या शोधण्यात पहिली मोलाची मिनिटे जातील. रुग्णवाहिकेची गोष्टही तीच. प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या स्त्रीला गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून न्यावे लागते, त्यामागे अनेकदा इतर काही कारण नसते; आवारात ठेवता आली असती अशी गाडी वाटेत उभी असते, एवढेच.

मोठ्या भूखंडांच्या अभिन्यासात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ही जागा मुलांच्या खेळासाठी आणि वृद्धांच्या विसाव्यासाठी असते. तिचे वाहनतळात रूपांतर होऊ देणे म्हणजे मुलांना रस्त्यावर खेळायला पाठवणे होय.

उभे करणे आणि साठवणे

येथवर नित्य वापरातील वाहनांचा विचार झाला. परंतु वाहन उभे करणे वेगळे आणि साठवून ठेवणे वेगळे. जी गाडी रोज निघते आणि परत येते, ती उभी केलेली असते. जी तीन-चार वर्षे हललेली नाही, जिच्या टायरांतील हवा गेली आहे, जिच्या खाली गवत वाढले आहे, ती साठवलेली असते. सोसायटीच्या कोपऱ्यात, गॅरेजच्या मागे, वाड्याच्या चौकात अशी वाहने पडून असतात. "कधी तरी दुरुस्त करू" किंवा "वडिलांची आठवण आहे" ही त्यामागची कारणे माणसाला समजण्यासारखी असतात. पण अशा वाहनांचा त्रास घरापुरता राहत नाही.

उघड्यावर पडलेल्या टायरात पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी कोरड्या टायराला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची मोहीम गावोगाव राबवली जाते. त्या दिवशी घरातील रांजण-पिंपे रिकामी होतात, पण अंगणातील जुन्या ट्रॅक्टरचे टायर तसेच राहतात. निकामी इंजिनातून झिरपणारे तेल आणि बॅटरीतील आम्ल व शिसे जमिनीत उतरते. शेजारी विहीर किंवा कूपनलिका असेल तर हा धोका पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचू शकतो.

अशा वाहनांची रीतसर वाट लावण्याची सोय आता झाली आहे. वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांविषयीचे केंद्रीय नियम सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा केंद्राकडे वाहन दिल्यावर मालकास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रावर घेतलेल्या नव्या वाहनाच्या मोटार वाहन करात खाजगी वाहनांना २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनांना १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूदही २०२१ मध्येच नियमांत करण्यात आली. भंगारवाल्याला गाडी देऊन मोकळे होण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे, कारण नोंदणी रद्द झाल्याने त्या गाडीच्या क्रमांकाचा पुढे गैरवापर होण्याची भीती राहत नाही.

या बाबतीत शासकीय आवारांनीही आदर्श घालून दिला पाहिजे. पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्त वाहने गंजत पडलेली सर्वत्र दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे घेऊन योग्य बंधपत्रावर ती परत करावीत किंवा त्यांची विल्हेवाट लावावी, असे मार्गदर्शन केले आहे. तालुका कार्यालय, पंचायत समिती, आरोग्य केंद्र यांच्या आवारातील निर्लेखित जीपगाड्या वेळच्या वेळी लिलावात गेल्या, तर नागरिकांना नियम सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन येईल.

इतर देशांचा अनुभव

वाहनतळ आणि नगररचना यांची सांगड घालण्याचा प्रयत्न जगात शंभर वर्षांपासून चालू आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ साली नव्या निवासी इमारतींना वाहनतळाची सक्ती केली. पुढील काही दशकांत अशी किमान संख्येची सक्ती तेथील बहुतेक शहरांत पसरली. तिचे दुष्परिणामही दिसू लागले. वाहनतळांसाठी शहरांच्या मध्यभागी मोठमोठी मैदाने मोकळी पडली, घरे महागली आणि पायी चालणे अवघड झाले. प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या फुकट वाहनतळाची खरी किंमत सविस्तर मांडली. लंडनने २००४ साली किमान संख्येची सक्ती काढून कमाल मर्यादा आणली. बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती रद्द केली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकांच्या परिसरातील सक्ती बहुतांशी उठवली.

जपानने वेगळी वाट धरली. १९६२ साली तेथे वाहन ठेवण्याच्या जागेसंबंधी कायदा झाला. काही भागांतील लहान मोटारींचा अपवाद सोडता, मोटारीची नोंदणी करण्यापूर्वी ती ठेवण्यासाठी घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचे प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यावे लागते. रात्री आठ तासांहून अधिक काळ एकाच ठिकाणी रस्त्यावर मोटार ठेवणे हा अपराध ठरतो. तेथे जागेची जबाबदारी इमारत बांधणाऱ्याइतकीच मोटार घेणाऱ्यावर टाकलेली आहे. टोकियोतील निवासी गल्ल्या अरुंद असूनही चालण्याजोग्या राहिल्या, त्यामागे या नियमाचा मोठा वाटा आहे.

आपल्या देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात दोन्ही विचार आढळतात. मोठ्या शहरांतील इमारतींत रहिवाशांना पुरेसा वाहनतळ असावा, यासाठी बांधकाम नियमांत सुधारणा कराव्यात, असे ते सांगते. त्याचबरोबर वाहनतळाचे शुल्क व्यापलेल्या जमिनीचे खरे मोल दर्शवणारे असावे, असेही सुचवते. वाहन नोंदणीपूर्वी जागेचा दाखला घ्यावा, हा विचार महाराष्ट्रातही २०२५ मध्ये शासनस्तरावर जाहीरपणे मांडला गेला. अशा नियमाची उपयुक्तता दाखल्याच्या सत्यतेवर अवलंबून राहील. एकच जागा तीन मोटारींच्या दाखल्यावर दाखवली गेली, तर नकाशातील शटरबंद वाहनतळाचीच गत त्या दाखल्याची होईल.

गावठाण आणि पंचायत

हा शहरांचा प्रश्न आहे, असे समजून ग्रामपंचायतींनी स्वस्थ बसू नये. पूर्वी घराबरोबर बैलगाडीची जागा ठरलेली असे. गाडी गोठ्याशेजारी किंवा खळ्याच्या कडेला सोडली जाई आणि जू खाली टेकवून ठेवले जाई. गावठाणातील वाटांची रुंदी त्या गाडीच्या मापाची होती. आज त्याच वाटेवर ट्रॅक्टर आणि ट्रॉली, मळणीयंत्र, पाण्याचा टँकर, जेसीबी आणि दारोदारी मोटारसायकली आल्या आहेत. खळी मोडली, गोठ्यांच्या जागी खोल्या झाल्या आणि वाहनाला जागा उरली ती रस्त्याची. ऊस तोडणीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसली, तर त्यांच्यावर आदळून माणसे प्राणास मुकतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५२ बांधकामावरील नियंत्रणाविषयी आणि कलम ५३ सार्वजनिक रस्त्यांवरील व मोकळ्या जागांवरील अडथळे व अतिक्रमणे यांविषयी आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात २०२० ची नियमावलीही लागू आहे. अधिकार अगदीच नाहीत अशी स्थिती नाही. मात्र गावात केवळ नोटिशीने काम भागत नाही. ज्याच्या दारात जागाच नाही, त्याला ट्रॅक्टर कोठे ठेवावा हे सांगावे लागेल. काही गावांत आठवडी बाजाराचे मैदान इतर दिवशी मोकळे असते. त्याचा एक भाग रात्रीच्या वेळी अवजड वाहनांसाठी आखून देता येईल. गावालगत ज्यांची खाजगी जमीन रुंद रस्त्याला लागून आहे, त्यांना रीतसर परवानगी घेऊन वाहनतळ चालवता येईल. गायरानावर मात्र परस्पर वाहनतळ करू नये. गावाच्या सामाईक जमिनींचे रक्षण करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग यांच्या प्रकरणात कडक भूमिका घेतली आहे आणि ग्रामसभेच्या ठरावानेही कायद्याची परवानगी टळत नाही.

आज करता येण्याजोगी कामे

नगरपालिका व नगरपंचायतींनी भोगवटा प्रमाणपत्र दिलेल्या इमारतींची दरवर्षी काही प्रमाणात फेरतपासणी करावी. मंजूर नकाशातील वाहनतळ आजही वाहनतळच आहे का, एवढाच एक प्रश्न त्या तपासणीत विचारला तरी पुष्कळ साध्य होईल. कारवाईची सुरुवात लहान घरमालकापासून न करता, ज्या मंगल कार्यालयांनी, व्यापारी संकुलांनी आणि रुग्णालयांनी वाहनतळ बंदिस्त केला आहे, त्यांच्यापासून करावी. नियम सर्वांना सारखा आहे, हे लोकांना दिसले तर लहान माणूस तो आपणहून पाळतो.

ग्रामपंचायतींनी गावठाणातील कोणत्या गल्लीतून बंब आणि रुग्णवाहिका जाऊ शकते, याची यादी करून ती पंचायतीच्या फलकावर लावावी. ज्या गल्लीतून जाऊ शकत नाही, तेथील रहिवाशांना एकत्र बसवून कोणती वाहने कोणाच्या आवारात घेता येतील, हे ठरवावे. नव्या बांधकामांच्या वेळी अंगण पूर्णपणे बांधून न टाकता निदान दुचाकींसाठी तरी जागा सोडण्याचा आग्रह धरावा. नंतर भिंत पाडण्यापेक्षा आधी तीन फूट मागे सरकणे स्वस्त पडते.

शिक्षकांना या कामात मोठा वाव आहे. भूगोलाच्या किंवा गणिताच्या तासाला मुलांकडून शाळेजवळच्या रस्त्याची मोजणी करून घेता येईल. सकाळी, दुपारी व रात्री किती वाहने उभी असतात, किती रुंदी उरते, पादचाऱ्यांना किती जागा मिळते, याची नोंद सातवीतील मुलेही करू शकतात. स्वतः मोजलेला आकडा मूल घरी सांगते आणि त्याचा परिणाम फलकापेक्षा अधिक होतो. हीच नोंद ग्रामसभेपुढे आली, तर चर्चेला मापाचा आधार मिळेल.

खाजगी जागेत वाहन ठेवण्याचा नियम हा मालकाच्या हक्कावर घाला नाही. आपल्या वाहनाचा भार आपल्या जागेने उचलावा आणि तो उचलताना शेजाऱ्याचा उजेड, मुलांचे मैदान व बंबाची वाट अबाधित राहावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. राज्यातील अनेक गावे येत्या काही वर्षांत लहान शहरांचे रूप घेतील. शहरांना आज शटर काढायला लावावे लागत आहे. या गावांत ती शटरे अजून बसलेली नाहीत. येथे जमलेल्या पंचायत सदस्यांनी पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेतला आणि आपल्या गावातील सर्वांत अरुंद गल्ली टेप लावून मोजली, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.